बी.ए.चा भाव पाडायला: धारवाड, कोल्हापूर, सांगली

पुणं सोडायचं हे मी ठरवलं नाही. ते ठरवलं माझ्या थोरल्या चुलत्यानं, आणि तेही मला जेवताना बघून.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुण्याहून सोलापूरला घरी आलो होतो. घर म्हणजे गिरणीच्या चाळीतली एक खोली. बा गिरणीच्या साच्याखात्यात, म्हणजे मागांवर, कामाला, आणि आई त्या खोलीत आमच्यासकट सगळा संसार मावेल कसा या कामाला. माझे चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ते काही शहरात आले नाहीत. ते सांगोल्याकडं मेंढरं राखतात आणि बाजाराच्या दिवशी जनावरांची दलाली करतात. त्या दिवशी ते आमच्याकडं मुक्कामाला होते. आईनं मला पाट मांडला, घासून लख्ख केलेला तांब्या ठेवला आणि हळूच विचारलं, "आजून वाढू का?"

मी म्हणालो, "नको. पुरे."

आबांचा घास हातातच राहिला. ते बाला म्हणाले, "सिदा, तुझ्या घरात पोरगं आलंय का पावना?"

खरं सांगायचं तर मलाही तेच कळत नव्हतं. पुण्याला जायच्या आधी मी तोंडाळ म्हणून चाळीत प्रसिद्ध होतो. पुण्यात पहिल्याच आठवड्यात सरांनी पुस्तक कुठाय विचारलं आणि मी उठून सांगितलं, "हरवलं न्हाय सर, आणलंच न्हाय." सगळा वर्ग हसला. पुस्तक नसण्यात हसण्यासारखं काय आहे ते मला संध्याकाळी खानावळीत कळलं. तिथं आधी आडनाव विचारतात, ते नीट चावून गिळतात आणि मग ताट कुठं मांडायचं ते ठरवतात. मालक आमटी वाढता वाढता म्हणाले, "न्हाय नव्हे हो, नाही. म्हणा बरं." मी म्हटलं. आमटी मिळाली. त्यानंतर वर्षभर मी आमटी मागण्यापुरतंच तोंड उघडलं. परीक्षा लेखी असते म्हणून पास झालो. सुट्टीत घरी आलो तर सवय तशीच सोबत आलेली. प्रत्येक वाक्य बाहेर काढायच्या आधी मी आत तपासून बघायचो, आणि तोवर समोरचं माणूस उठून गेलेलं असायचं. आईनं बिचारीनं त्याचा अर्थ एवढाच लावला की पोरगं मोठं झालं, आता त्याला पाट मांडला पाहिजे.

आबांनी निकाल दिला. "मेंढरू वरडायचं थांबलं की आमी रान बदलतो. कालिज बदला. जितं ह्याचं तोंड उघडंल ते गाव हुडकू. न्हायच घावलं तर ये माज्यासंगं मेंढरामागं. तितं बोललं काय, न बोललं काय, सारखंच."

बा म्हणाला, "न्हायतर गिरणीत भरतीसाटी जॉबरला सांगून ठिवतो." म्हणजे एकीकडं मेंढरं, दुसरीकडं साचे. आबांच्या हुकमावरून मी पुण्याला जाऊन कॉलेज सोडल्याचा दाखला घेऊन आलो, त्यामुळं मागचं दारही लागलं होतं. जून तोंडावर आला होता.

आता माझ्यासारख्या सोलापूरकरासाठी थोडी माहिती. आपल्या गावात गिरण्या आहेत, थेटरं आहेत, धूळ तर मागेल तेवढी आहे, पण कॉलेज नाही. मॅट्रिक झालं की बोचकं बांधायचंच. पुण्याचा विचार सोडला तर धारवाड, कोल्हापूर आणि सांगली ही तीन गावं एका फेरीत होतात, आणि युनिव्हर्सिटी एकच असल्यामुळं पहिलं वर्ष वाया जात नाही. सोलापूरहून होटगी, तिथून छोट्या रुळाच्या गाडीनं विजापूर, गदग, हुबळी करत धारवाड. येताना मिरज. मिरजेहून एकीकडं कोल्हापूर, दुसरीकडं सांगली. आणि परत बार्शी लाइट या रेल्वेनं कुर्डुवाडीवरून घरी. असा गोल फिरलात तर कोल्हापूर-सांगलीचे फाटे सोडून एकही रस्ता दोनदा लागत नाही. दोनदा लागतं ते मिरजेचं स्टेशन. ते तुम्ही कुठंही जा, लागतंच.

आबा सोबत येणार होते. सामान काय घ्यायचं याची मी यादी करत होतो, तेवढ्यात ते खांद्यावर घोंगडं टाकून दारात उभे राहिले. त्यांचं सामान झालं होतं. आईनं कडक भाकरीची चळत आणि शेंगाची चटणी बांधून दिली. कडक भाकरी हा प्रवासाला सगळ्यात चांगला जिन्नस. खराब होत नाही, सांडत नाही आणि भांडण झालं तर हातात काहीतरी टणक असतं.

होटगीला गाडी बदलायची. इथं पाणी भरून घ्या, पुढं स्टेशनांवर मिळेलच असं नाही. होटगीपासून डब्यात कानडी सुरू होतं. आबांना बाजारापुरतं कानडी येतं, म्हणजे आकडे, जनावरांचे रोग आणि शिव्या. तेवढ्या भांडवलावर ते विजापूरपर्यंत एका म्हाताऱ्याशी गप्पा मारत होते. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. गोल घुमट दिसला तेव्हा मी आबांना दाखवला. ते म्हणाले, "मोठा हाय," आणि परत म्हाताऱ्याच्या म्हशीच्या दुखण्याकडं वळले. रात्र गाडीतच गेली. घोंगड्याखाली झोप बरी लागते, फक्त घोंगड्याच्या मालकाचे पायही तिथंच असतात.

धारवाड गार गाव. सोलापूरच्या माणसाला आधी वाटतं आपल्याला हुडहुडी भरली, मग लक्षात येतं की हवाच अशी आहे. झाडं एवढी की आबांना राग आला. म्हणाले, "एवढा पाला हाय आन गावात शेरडू दिसंना. काय लोकं हायती!" पेढा खायलाच हवा. आबांनी तो कडक भाकरीबरोबर खाल्ला आणि दुकानदारानं दुसरीकडं तोंड फिरवलं.

कॉलेज टेकाडावर, ऐसपैस, बघूनच अभ्यासाला बसावं असं. कचेरीत गेल्या गेल्या आबांनी घोंगडं जमिनीवर अंथरलं आणि त्यावर मांडी घातली. खुर्ची होती, पण खुर्चीवर बसून सौदा होत नाही असं त्यांचं मत. हेडक्लार्क सभ्य गृहस्थ. त्यांनी माझा दाखला बघितला आणि कानडी हेलाच्या मराठीत म्हणाले, "बरोबर आहे. इंटर, ज्युनिअर, सीनियर. अजून तीन वर्षं, मग बी.ए."

"तीन लई झाली," आबा म्हणाले. "दोन म्हना."

हेडक्लार्कनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

"दोन होत नाही हो. युनिव्हर्सिटीचा नियम आहे."

"आवो, पोरगं तरणंताठं हाय. एक वर्स शिकूनच आणलंय. नवं न्हाय काय हे." आबा मला पुढं ओढून म्हणाले, "बरं, तुमचं न्हाय, माजं न्हाय. अडीच करा."

मी तिथं बोलायला हवं होतं. आबांना समजवायला हवं होतं की बी.ए. म्हणजे बैल नाही. पण शब्द घशात आले, मी ते तपासले, आणि परत आत पाठवले. हेडक्लार्कनी मात्र हसूसुद्धा दाखवलं नाही, पाणी मागवलं आणि परत शांतपणे तीनच सांगितलं. बाहेर पोरं कानडीत गप्पा मारत होती. माझ्या मराठीला इथं कुणी हसलं नसतं, कारण ती कुणी ऐकलीच नसती. इथं तीन वर्षं मी सुखानं पेढे खात गप्प बसलो असतो.

"कसं वाटलं?" आबांनी विचारलं.

"चांगलं आहे," मी म्हणालो.

"आहे!" आबा म्हणाले आणि टांग्यात चढले. "पुढं चल."

धारवाडहून मिरजेची गाडी बेळगाववरून येते. बेळगावला लोणी घ्या असं सगळे सांगतात, पण उन्हाळ्यात घेऊ नका. आम्ही घेतलं. मिरजेपर्यंत ते आबांच्या मुंडाशात गेलं, आणि त्यांचं डोकं पुढचे दोन दिवस झकास चमकत होतं.

कोल्हापूरवर माझा डोळा आधीपासूनच होता, हे कबूल करतो. तिथं सिनेमे तयार होतात. रस्त्यानं जाताना राजा, प्रधान आणि राक्षस एका हॉटेलात चहा पिताना दिसतात असं मी ऐकलं होतं. आम्हाला फक्त प्रधान दिसला, आणि तोही बिलावरून भांडत होता, पण माझं काम झालं. शिवाय निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी तिथं बोर्डिंगं आहेत. एका बोर्डिंगात आम्ही उतरलो, तर सगळी पोरं हाय-न्हायच बोलणारी. आडनाव कुणी विचारलं नाही. पहिला प्रश्न आला, "कुस्ती करतोस का?" आणि दुसरा, "जेवलास का?" मला रडूच यायचं बाकी होतं.

खानावळीत मटणाचं ताट मिळतं, ते चुकवू नका. तांबडा रस्सा डोळ्यांतून पाणी काढतो आणि वर आणखी मागायला लावतो. फक्त सोबत मेंढरांचा दलाल नेऊ नका. आबांनी एक तुकडा चावला आणि मालकाला हाक मारली. "हे बकरं नव्हं. ही म्हातारी शेळी हुती. डाव्या पायानं लंगडत हुती का न्हाय?" मालक पळी घेऊन बाहेर आला. मग दोघांचं असं जुंपलं की अर्धी गल्ली जमली. शेवटी मालकानं स्वयंपाकघरातून खाटकालाच बोलावलं, आणि त्यानं शपथेवर सांगितलं की बोकड होता, कोवळा होता आणि चारही पायांनी पळत होता. आबांचा अंदाज साफ चुकला होता. त्यांनी उठून मालकाला मिठी मारली आणि आणखी एक वाटी रस्सा फुकट मिळवला.

कॉलेजात परत तेच. घोंगडं, मांडी, "तीन लई झाली." तिथल्या कारकुनानंही तीनच सांगितलं. बाहेर आल्यावर आबा पायरीवर बसले आणि विचार करून म्हणाले, "बिरा, धारवाडात तीन, हितं बी तीन. भाव एकच. म्हंजी काय?"

"म्हणजे नियम..."

"म्हंजी सगळे दलाल एक झाल्यात! आन चूक माजीच. चार लोकांत उघड्यावर इचारलं तर खरा भाव कोन सांगंल?"

त्यांच्या डोक्यात काय शिजत होतं ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी मात्र दुसऱ्याच धुंदीत होतो. मी म्हणालो, "आबा, मला इथंच यायचंय. सांगलीला जायलाच नको."

आबांनी मला खालीवर बघितलं. "कुस्तीवाली पोरं रातभर बोलत हुती. तू काय बोललास?"

मी आठवून बघितलं. त्या गोंगाटात मला बोलायची वेळच आली नव्हती. ऐकायलाच एवढं बरं वाटत होतं की माझ्या तोंडाचं लक्षातच राहिलं नाही. पण बोलेन की पुढं, मी मनात म्हणालो. इथं नाही बोललो तर कुठं बोलेन? आबा म्हणाले, बरं, कोल्हापूर तर कोल्हापूर, पण सांगलीत एका व्यापाऱ्याला भेटायचंय, तर जाता जाता तिथलाही भाव काढू. कोल्हापूर नक्की झालं म्हणून मी खूश होतो, त्यामुळं मी मान डोलावली.

सांगली हळदीचं गाव. पेठेतून एक चक्कर मारली की सदरा पिवळा होतो आणि लोक लग्न कधी ठरलं विचारतात. आबांचा व्यापारी भेटला, चहा आणि चुरमुरे झाले. कॉलेज गावाबाहेर, मिरजेच्या रस्त्यावर, उघड्या माळावर आहे. टांगेवाला दर वाढवून सांगतो, मागं वळून चालायला लागलात की खाली येतो. मी टांग्यात कोल्हापूरच्या बोर्डिंगचा विचार करत बसलो होतो.

कचेरी बंद होती. एका खोलीत एक प्रोफेसर एकटेच वाचत बसले होते. बारीक अंगाचे, काळा कोट, डोक्याला रुमाल, चष्मा नाकाच्या टोकावर. ते लॉजिक शिकवतात असं शिपायानं सांगितलं. त्यांनी आम्हाला आत बोलावलं आणि आबांनी घोंगडं अंथरल्यावर काय केलं असेल? तेही खुर्चीवरून उठले आणि समोर घोंगड्यावर येऊन बसले. का, ते माहीत नाही. कदाचित पाहुणा खाली बसला म्हणून. पण आबांनी त्याचा सरळ अर्थ घेतला की हा माणूस सौद्याला तयार आहे.

जनावरांचा बाजार ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात देतात, वरून रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून आकडे सांगतात. बाजूला शंभर माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. दोघांची बोटं जुळली की रुमाल काढायचा आणि टाळी द्यायची. टाळी पडली की संपलं. मग आभाळ कोसळलं तरी शब्द फिरत नाही.

मी दाखला काढत होतो, एवढ्यात आबांनी प्रोफेसरांचा उजवा हात धरला आणि आपल्या खांद्यावरचा रुमाल त्यावर टाकला.

"आबा!" मी म्हणालो. फार हळू म्हणालो.

प्रोफेसर गडबडले, पण हात काढून घेतला नाही. त्यांना वाटलं असावं की आमच्या समाजात नमस्कार असाच करतात. ते हसून मान डोलवत राहिले. रुमाल हलत होता. आबांनी डोळे मिटले होते, मोठ्या बैलाच्या सौद्यात मिटतात तसे. ते काहीतरी दाबत, थांबत, परत दाबत. प्रोफेसरांनीही, आता आपणही काही केलं पाहिजे अशा संकोचानं, आत काहीतरी केलं.

आबांचे डोळे खाड्‌कन उघडले. त्यांनी रुमाल उडवला आणि प्रोफेसरांच्या तळव्यावर अशी टाळी मारली की चष्मा खाली पडला.

"दोन!" आबा ओरडले. "दोन वर्सात बी.ए.! बिरा, झाला सौदा! सांगली पक्की!"

आबांची टाळी म्हणजे आबांची जबान. सांगोल्याच्या बाजारात त्या जबानीवर लोक जनावरं सोडून देतात. कोल्हापूर गेलं. बोर्डिंग गेलं, रस्सा गेला, माझ्यासारखं बोलणारी पोरं गेली, आणि या पिवळ्या गावात मी परत तीन वर्षं गप्प बसणार. माझ्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं.

"आवो, काय दोन? कुटलं दोन?" माझाच आवाज त्या खोलीत घुमला. "बी.ए. म्हंजी काय खोंड हाय व्हय, दात बघून भाव पाडायला? इंटरचं एक, ज्युनिअरचं एक, सीनियरचं एक, तीन झाली की न्हाय? तुमी बोटं दाबली म्हनून युनिव्हर्सिटी काय गप बसनार हाय? आन सर, तुमी बी! तुमाला काय ठावं न्हाय तर बोटं कशाला दाबायची? सौदा दोगान्नी कळून करायचा असतोय. एकाला कळलाच न्हाय तर त्यो सौदाच न्हाय! आन आता आबानी जबान दिली, माजा पाय हितं आडकला, मला जायाचं हुतं कोल्हापुरला, त्याचं काय?"

आणि मग मी थांबलो. दारात शिपाई उभा होता, त्याच्या मागं दोन विद्यार्थी. मी कॉलेजच्या इमारतीत, एका प्रोफेसरांच्या तोंडावर, हाय-न्हाय करत बोंबललो होतो. कान तापले. आता हसणार, मी मनात म्हणालो. आता म्हणणार, न्हाय नव्हे हो, नाही.

प्रोफेसरांनी चष्मा उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि नाकावर ठेवला.

"तुमच्या बोलण्यात एक चूक आहे," ते म्हणाले.

झालं, मी म्हटलं.

"तुम्ही म्हणता, एका पक्षाला कळला नाही तर तो सौदाच नव्हे. मान्य. मला कळला नव्हता, हेही खरं; हात दाबला गेला म्हणून मी उलट दाबला, एवढंच. म्हणजे सौदा झालाच नाही. मग तुमचा पाय अडकला कशात? दोन्ही एकदम खरं असू शकत नाही."

चूक त्यांनी काढली होती, पण ती माझ्या बोलण्यातल्या म्हणण्याची. शब्दांना त्यांनी हातच लावला नव्हता. वर्षभरात मी काय म्हणतो याच्याशी कुणी पहिल्यांदाच भांडत होतं.

"असू शकतंय की," मी म्हणालो. म्हणजे ते माझ्या तोंडून आपसूक गेलं. "सौदा मोडला तरी जबान ऱ्हाती. जबान आबांची हाय. ती समोरच्याला कळली का न्हाय, ह्याच्यावर न्हाय ठरत."

"म्हणजे जबान आणि सौदा या दोन वेगळ्या गोष्टी?"

"येगळ्याच हायत! सौदा दोगांचा, जबान एकल्याची."

"हं." ते घोंगड्यावर थोडे पुढं सरकले. "मग माणूस झोपेत जबान देऊन बसला तर?"

"झोपंत टाळी देता येत न्हाय."

शिपाई फिसकन हसला, पण ते हसणं वेगळं होतं, ते माझ्यावर नव्हतं, प्रोफेसरांवर होतं. तेही हसले. मग काय, आम्ही सुरूच झालो. दारूच्या नशेत दिलेल्या जबानीपासून ते मेलेल्या माणसाच्या जबानीपर्यंत गेलो. ते दोन विद्यार्थी आत येऊन बसले आणि त्यातला एक माझ्या बाजूनं भांडायला लागला. मी हाय म्हणालो, न्हाय म्हणालो, एकदा जोरात "आवो, ऱ्हाऊ द्या की!" असंही म्हणालो. एकही वाक्य मी आत तपासलं नाही. प्रोफेसरांनी मला दोनदा हरवलं आणि मी त्यांना एकदा. आबा भिंतीला टेकून एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत व्यापाऱ्यानं बांधून दिलेले चुरमुरे खात होते.

शेवटी प्रोफेसर त्यांच्याकडं वळले. "पण काका, खरं सांगतो, दोन वर्षांत होणार नाही. तीन लागतील."

आबांचा चेहरा पडला. "टाळीनंतर भाव वाडीवला?"

"वाढवला खरा."

"मग वर काय द्याल?"

प्रोफेसरांनी विचार केला. "हा रोज संध्याकाळी माझ्याशी भांडायला येऊ शकतो. मला इथं भांडायला माणूस मिळत नाही."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "बिरा, सांगली का कोल्हापूर? तूच बोल. जबान माजी हाय, पर जल्म तुजा हाय."

कोल्हापूरचा रस्सा माझ्या डोळ्यांसमोरून गेला, हे नाकारत नाही. प्रधानही गेला. "सांगली," मी म्हणालो. "ह्यांचं त्या मेलेल्या मान्साचं म्हननं चुकीचं हाय. ते मला शिद्द करायचंय."

आबांनी परत टाळी दिली, या वेळी बेतानं.

परतीला बार्शी लाइट. गाडी छोटी, डबे छोटे, आणि घाई अजिबात नाही. जतरोडच्या अलीकडं आबा रुळालगतचा एक बोकड बघायला खाली उतरले, दात तपासून आले आणि मागच्या डब्यात चढले. घाईचं काम असेल तर या गाडीनं जाऊ नका. मला घाई नव्हती. मी मिरजेपासून बोलत होतो. जबान, सौदा, झोप, टाळी, प्रोफेसरांची चूक, माझी चूक. सांगोला आलं तेव्हा आबांचं गाव आलं होतं, पण ते उतरले नाहीत. म्हणाले, सोलापूरला येऊन सिदाला हिशोब द्यायचा आहे. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत बसताना ते हात जोडून म्हणाले, "लेका, आता जरा गप की. माजं कान बधिर झालं."

चाळीत शिरलो तेव्हा गिरणीचा भोंगा झाला होता आणि बा नुकताच घरी येत होता. आबा अंगणातूनच त्याला सांगायला लागले की तीनला पक्कं झालं, पण वर काहीतरी सोडवून घेतलंय. आता लिहायला बसल्यावर सगळी गावं डोळ्यांसमोर येतात. धारवाडचा गारवा राहिला, लोण्याचा वास आबांच्या मुंडाशाला राहिला, माझा एक सदरा कायमचा पिवळा राहिला. कोल्हापूरला कधीतरी नुसतं जेवायला जाईन. पण तुम्ही कॉलेज निवडायला निघाला असाल तर इमारत, हवा, खानावळ हे सगळं बघा आणि शेवटी कुणाशी तरी एकदा मन लावून भांडून बघा.

मी उंबऱ्यातच चपला भिरकावल्या. "आये! लई भूक लागलीया! काय केलंयस? आन ऐक की, त्या सरांनी मला काय इचारलं म्हायतीये का..."

आई चुलीपुढं बसली होती. मला बघून ती सवयीनं पाट घ्यायला उठायला लागली होती. अर्धी उठली, माझं तोंड चालू असलेलं तिनं क्षणभर ऐकलं, आणि परत खाली बसली. डोळ्यांना पदर लावला, धुरामुळं असेल. मग पाठ वळवून तव्यावरची भाकरी उलटली.

"दुरडीत हाय भाकरी," ती म्हणाली. "घे की हातानं. का तुला पाट मांडू आता?"